दिल्लीची ‘सोनेरी सकाळ’ आणि फोटोतला माणूस

मी मूळचा मराठवाड्यातला. नोकरीमुळे गेली नऊ वर्षं दिल्लीत आहे. हिवाळ्यात रविवारी पहाटे सायकल काढायची, गळ्यात कॅमेरा अडकवायचा आणि शहर पाहत फिरायचं, हा माझा छंद. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यामुळे सायकलवाल्यांच्या एका गटात शिरलो. आमची वाट ठरलेली: इंडिया गेट, दर्यागंज, लाल किल्ल्यामागचा रिंग रोड आणि शेवटी काश्मिरी गेटजवळचा यमुना घाट. थंडीत तिथे सीगल पक्षी येतात. नावेतून शेव टाकली की त्यांचा थवा डोक्यावर घोंगावतो आणि सगळे धडाधड फोटो काढतात.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत घाटावर पोहोचण्याआधी मी एक फोटो काढला. एक सफाई कामगार रस्ता झाडत होता. मागून सूर्य वर येत होता आणि उडालेल्या धुळीत त्याची काळी आकृती उठून दिसत होती. मी सायकल थांबवली, चार-पाच फोटो घेतले आणि पुढे निघालो. त्याच्याशी एक शब्दही बोललो नाही. गटाच्या छोट्या प्रदर्शनात तो फोटो ‘सोनेरी सकाळ’ या नावाने लागला. कुणी म्हणालं, हाच खरा भारत. कुणाला त्यात श्रमाचं सौंदर्य दिसलं. मीही खूश झालो, हे कबूल करतो.

त्या खुशीतच पुढच्या रविवारी एक प्रिंट घेऊन मी त्या माणसाकडे गेलो. त्याने हात पुसून फोटो घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “इसमें मेरा मुँह कहाँ है?” मी प्रकाशाबिकाशाचं काहीतरी सांगू लागलो. त्याने शांतपणे प्रिंट परत दिली. म्हणाला, “साहब, ये घर में नहीं लगा सकता. बेटी कॉलेज जाती है. खींचनी है तो चौदह अप्रैल को पार्लियामेंट स्ट्रीट आना. पूरा परिवार रहेगा.”

मी सायकल हातात धरून परत निघालो. बसावंसंच वाटेना. कारण माझे वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते. काळी चोवीस इंची सायकल, कॅरिअरला बांधलेला खराटा, आणि पहाटे साडेचारला दाराची कडी वाजायची. त्यांचा एकट्याचा एकच फोटो आमच्याकडे आहे, ओळखपत्रावरचा. आई सांगते, त्यासाठी त्यांनी शेजाऱ्याचा शर्ट मागून आणला होता. ते झाडत असताना कुणी सायकलवरून येऊन त्यांचा पाठमोरा फोटो काढला असता आणि त्याला ‘सोनेरी सकाळ’ म्हटलं असतं, तर मला काय वाटलं असतं? हा प्रश्न पडायला मला दुसऱ्याच्या बापाने फोटो परत करावा लागला.

शिकलो, नोकरीला लागलो, कॅमेरा हातात आला. पण कॅमेऱ्यामागची नजर मी न तपासता उसनी घेतली होती. या नजरेला झाडणारा माणूस दिसतो, पण पिढ्यान्‌पिढ्या त्याच जातींतली माणसं का झाडतात, हे दिसत नाही. ती जातीला ‘श्रम’ म्हणते, कंत्राटी पिळवणुकीला ‘साधेपणा’ म्हणते आणि वर सन्मान केल्याचं समाधान मिळवते. ज्याचा सन्मान झाला त्याला मात्र तो फोटो घरातल्या भिंतीवर लावता येत नाही. फोटो कुणासाठी काढला होता, हे यावरूनच कळतं.

सायकलचंही तसंच आहे. आमच्या गटाच्या महागड्या सायकली निघतात त्याच वेळी मथुरा रोडवरून मजूर, सुरक्षारक्षक, ओखल्याच्या कारखान्यांतले कामगार डबा लटकवून सायकलवर चाललेले असतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती. म्हणजे सायकल हे कुण्या मूठभरांचं वाहन नाही. तरी रस्ता तिच्यासाठी नसतो. २००८ मध्ये दक्षिण दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद असा ५.८ किलोमीटरचा बीआरटी मार्ग सुरू झाला. त्यात बससाठी वेगळी मार्गिका होती आणि सायकलसाठीही. मोटारवाल्यांचा वेळ जातो म्हणून ओरड सुरू झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने २०१२ मध्ये याचिका फेटाळली. तरी २०१६ मध्ये तो मार्ग उखडला गेला. आम्ही रविवारी सायकल चालवतो तेव्हा ते पर्यावरणप्रेम ठरतं. मजूर रोज चालवतो तेव्हा तो वाहतुकीला अडथळा ठरतो.

आणि आमची वाट तरी कुणी ठरवली? यमुना घाटापासून अलीपूर रोड सायकलने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. तिथे २६ क्रमांकाच्या बंगल्यात बाबासाहेब मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर राहत होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं महापरिनिर्वाण तिथेच झालं. आज तिथे उघड्या पुस्तकाच्या आकाराचं स्मारक आहे. मकबरे, हवेल्या, पराठ्यांची दुकानं या सगळ्यांसाठी थांबणारा आमचा गट तीन हिवाळ्यांत एकदाही तिकडे वळला नाही. कुणी विरोध केला नव्हता. कुणाच्या मनातच आलं नव्हतं, आणि मीही कधी सुचवलं नव्हतं.

म्हणून फोटो काढूच नयेत असं मी म्हणत नाही. मुंबईत सुधारक ओलवे यांनी महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. ते कामाच्या जागेवर थांबले नाहीत, कामगारांच्या घरापर्यंत गेले. ते फोटो पाहून ‘किती सुंदर’ म्हणता येत नाही, मान खाली जाते. फोटो हा पुरावाही असतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाल्यास किमान ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. अशा वेळी जागा, तारीख, वेळ आणि कंत्राटदाराची गाडी दाखवणारा साधा मोबाईलचा फोटो हजार कलात्मक फोटोंपेक्षा मोलाचा आहे. त्यात कामगाराचा चेहरा झाकता येतो. झाकायचा नसतो तो काम देणारा.

सायकललाही आपल्या चळवळीत इतिहास आहे. पुण्यात नोकरी करताना ज्यांच्या कामाची सुरुवात झाली, त्या कांशीराम साहेबांनी १९८३ मध्ये डीएस-फोरची सायकल यात्रा काढली होती. त्या सायकली शहराचं सौंदर्य टिपायला निघाल्या नव्हत्या. ज्या वस्त्यांत कुणी येत नव्हतं तिथे जाऊन थांबायला, बोलायला निघाल्या होत्या. पुढच्याच वर्षी १४ एप्रिलला बहुजन समाज पक्ष स्थापन झाला. सायकलवरून उतरून बोललं की काय होतं, हे त्यातून कळतं.

त्या वर्षी १४ एप्रिलला मी पार्लमेंट स्ट्रीटवर गेलो. पुस्तकांचे स्टॉल, निळे झेंडे, भोजनदान, ढोल. त्या गर्दीत फोन करून करून ते सापडले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बायको, मुलगी, धाकटा मुलगा. कुठे उभं राहायचं हे त्यांनीच ठरवलं. ऊन डोक्यावर होतं, सावल्या चेहऱ्यावर पडत होत्या, मागे कुणाचा तरी हात आला. फोटो म्हणून तो साधाच आहे. मुलीने तिथेच मोबाईलवर मागून घेतला आणि वडिलांना मोठा करून दाखवला.

गटात मी अजून जातो. आता वाटेत अलीपूर रोड यावा म्हणून आग्रह धरतो, कधी चार जण येतात, कधी मी एकटाच असतो. ‘सोनेरी सकाळ’ मी सगळीकडून काढून टाकली. कॅमेरा हातात घेतलेल्या आपल्या तरुण मुला-मुलींना एवढंच सांगायचं आहे: शटर दाबण्याआधी सायकलवरून उतरा, नाव विचारा, आणि ज्याचा फोटो आहे त्याच्या घरात तो लागेल का, हे त्यालाच विचारा.

जय भीम.