गंगावन विसरलेल्यांसाठी

आमच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत एका गृहस्थांनी केसांवर लेख लिहिला आहे. त्यांचं नाव मी घेत नाही. भिलाईतल्या मराठी घरांत ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आफ्रिकी वंशाच्या बायकांना आपल्या केसांची लाज वाटते, म्हणून त्या औषधं लावून ते सरळ करतात, नाहीतर दुसऱ्या कुणाचे तरी केस डोक्यावर शिवून घेतात. आपल्याकडे असली खोटी शोभा कधी नव्हती. शिकेकाई आणि खोबरेल तेल, एवढ्यावर आपल्या आयाबायांनी कमरेपर्यंत केस वाढवले. तसले केस आपल्या मातीतले नव्हेत, त्या बायका ते धडपणे धूतही नाहीत, तेव्हा त्यांच्याकडून शिकण्यासारखं आपल्याला काही नाही. आणि शेवटी एक वाक्य: आपल्या भागात शिकायला आलेल्या परदेशी मुलींची डोकी पाहून आपल्या मुली बिघडू नयेत.

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि मी लिहायला बसले.

रायपूर-भिलाईकडे आफ्रिकेतल्या देशांतून मुलंमुली शिकायला येतात. त्यांतली एक झिंबाब्वेची मुलगी दोन वर्षं आमच्या शेजारी वरच्या खोलीत भाड्यानं राहिली. मला आंटी म्हणायची. आल्यावर पहिल्याच महिन्यात ती एका पार्लरमध्ये केस धुवायला गेली. तिथल्या बाईनं डोक्याला हात लावला नाही. ‘ये हमसे नहीं होगा’ म्हणाली, आणि आतल्या पोरी हसल्या. ती परत आली ती जिन्यातच बसून राहिली. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, “आंटी, मी पैसे देणार होते.”

पुढच्या रविवारी तिची मैत्रीण आली. आमच्या अंगणात एक पायरीवर बसली, दुसरी तिच्या मागे खुर्चीवर. शेपटीच्या कंगव्याच्या टोकानं भांग पडत गेले, शेतात सऱ्या पाडाव्यात तसे, कानापासून मानेपर्यंत एकसारख्या अंतरावर. पाकिटातले कृत्रिम केस बोटांनी मोकळे करायचे, त्यातली एक बट घ्यायची, स्वतःच्या केसांच्या मुळाशी मिसळायची आणि तिथून वेणी सुरू करायची. सकाळी दहाला बसलेल्या त्या चारला उठल्या. मधे मी पोहे दिले, ते एकीनं दुसरीला भरवले, कारण विणणारीचे हात मोकळे नव्हते. शेवटी माझ्याकडून पातेलंभर उकळतं पाणी मागून घेतलं आणि वेण्यांची टोकं त्यात बुडवली, म्हणजे ती उलगडत नाहीत. हे डोकं पाहून आमच्या मुली बिघडतील? सहा तास एका जागी बसून एकमेकींच्या डोक्याची एवढी निगा घ्यायला त्या शिकल्या तर मी देवापुढे साखर ठेवीन.

धूत नाहीत म्हणे. अशा केसांना आठवड्यानं किंवा पंधरवड्यानं धुणं पुरतं, रोज धुतले तर ते कोरडे पडून तुटतात. त्वचेचे डॉक्टरच तसं सांगतात.

आपल्या मातीतले नव्हेत, हेही खोटं. मुरूडच्या समुद्रातला जंजिरा आफ्रिकी वंशाच्या सिद्दींनी शतकानुशतकं राखला. आज ज्याला आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो ते शहर खडकी या नावानं 1610 साली वसवलं ते मलिक अंबरनं, आणि तो जन्मला इथिओपियात. उत्तर कन्नडच्या यल्लापूर-हल्याळकडचे सिद्दी घरात कोकणी बोलतात. त्यांच्या डोक्यावरचे केस गेली चारशे वर्षं याच मातीतल्या विहिरींच्या पाण्यानं धुतले जात आहेत.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे खोटी शोभा कधी नव्हती, हे ज्यांनी लिहिलं त्यांनी आपल्या आजीची पेटी कधी उघडली नसावी. गंगावन, म्हणजे वेणीत गुंफायचे जोडकेस, हा शब्द मराठीत कुठून आला? वस्तू होती म्हणून शब्द आला. माझे वडील भंडाऱ्याहून भिलाईला आले ते 1959 साली, पहिली झोतभट्टी सुरू झाली त्या वर्षी. मावशी दर उन्हाळ्यात आमच्या क्वार्टरवर राहायला यायची आणि तिच्या ट्रंकेत, पातळांच्या खाली, मऊ फडक्यात गुंडाळलेलं गंगावन असायचं. चांगलं हातभर लांब, काळंभोर, टोकाला रेशमी गोंडा. आठवड्यातून एकदा ती ते शिकेकाईच्या पाण्यात धुवायची आणि मागच्या अंगणात दोरीवर वाळत घालायची. वारा आला की ते वळवळायचं, आणि आम्ही पोरं साप साप म्हणून ओरडत पळायचो. संध्याकाळी आरशासमोर बसून ती ते आपल्या केसांत पेडापेडानं अशी गुंफायची की सांधा कुठं आहे ते मला अगदी नाक लावून पाहिलं तरी दिसत नसे. मग त्या लांब वेणीचा अंबाडा, त्यावर आकडे, त्यावर अबोलीची वेणी. लग्नकार्यात सगळ्या बायका तिचा अंबाडा वळून वळून पाहायच्या. मावशीला स्वतःच्या केसांची लाज वाटते, असं कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. हौस आहे, म्हणायचे. नीटनेटकी आहे, म्हणायचे. आणि संगीत नाटकात स्त्रीपार्टी नट गुडघ्यापर्यंतचा केसांचा टोप घालून रंगमंचावर यायचा तेव्हा तर आपण त्याला कला म्हटलं, आणि थोराघरच्या बायकांनी त्या नटाच्या अंबाड्याची नक्कल केली. आफ्रिकी वंशाची बाई डोक्यालगत वेण्या घालते, त्या वेण्यांवर केसांची पट्टी सुईदोऱ्यानं शिवते आणि त्याला वीव्ह म्हणते. माझ्या मावशीची युक्ती आणि ही युक्ती एकच. मग तिची हौस आणि हिचा न्यूनगंड, हा निवाडा कशावरून झाला? कातडीच्या रंगावरून झाला, हे मी इथं स्पष्ट लिहिते.

आणि ते ‘दुसऱ्या कुणाचे तरी केस’ कुणाचे, हे गृहस्थांनी एकदाही विचारलं नाही. ते आपले आहेत. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर माणसं नवस फेडायला डोकं भादरून देतात; ते केस देवस्थान लिलावानं विकतं आणि त्यातून कोट्यवधी रुपये येतात. एका डोक्यावरून सरळ उतरलेले, मुळं एका बाजूला आणि टोकं एका बाजूला असलेले हे लांब केस सगळ्यांत महाग. पण तिरुपतीला कशाला जायचं? आमची आई विंचरून झालं की फणीतलं गुंतवळ काढायची, बोटावर गुंडाळायची, त्यावर तीनदा थुंकायची आणि न्हाणीच्या खिडकीतल्या डब्यात टाकायची. महिन्या-दोन महिन्यांनी सायकलवाला गल्लीत यायचा, ‘बाऽऽल, टूटे बाऽऽल’. डबा पालथा करायचा, छोट्या तराजूत तोलायचं आणि बदल्यात स्टीलची वाटी नाहीतर आम्हा पोरांना फुगे. आजही येतो; आता फक्त मोटरसायकलवर येतो. आमच्या रांगेतल्या निम्म्या घरांत हा डबा अजून आहे. अशा गल्लीगल्लीतल्या डब्यांमधलं गुंतवळ बंगालमध्ये मुर्शिदाबादकडे जातं, कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरला जातं, आणि तिथं बायका मांडीवर घेऊन एकेक केस हातानं सोडवतात, लांबीप्रमाणे जुड्या लावतात. त्यात मुळं-टोकं उलटसुलट झालेली असतात, म्हणून ते गुंतू नयेत यासाठी त्यांच्यावर आम्लाची प्रक्रिया करतात. तिथून ते जगभर जातात. हा व्यापार एवढा मोठा आहे की चोरट्या मार्गानं बाहेर जाणारे कच्चे केस रोखण्यासाठी केंद्र सरकारला 2022 च्या जानेवारीत निर्यातीवर निर्बंध घालावे लागले.

म्हणजे आपल्या डोक्यावरून गळलेला केस आपण वाटीवर विकायचा, कोप्पळच्या बाईनं तो सोडवून आपलं पोट भरायचं, देवस्थानानं लिलाव करायचा, सरकारनं परकीय चलन मोजायचं, तोवर तो शुद्ध. आणि जिनं पैसे मोजून तो विकत घेतला, जपून धुतला, रात्री रेशमी फडक्यात बांधून ठेवला, तिनं डोक्यावर घेतला की तो खोटा? या साखळीत सगळ्यांत जास्त पैसे आणि सगळ्यांत जास्त काळजी खर्च करणारी तीच एक आहे.

लाजेचंही बोलते. लाज जन्मतः येत नाही, कुणीतरी ती आणतं. लुइझियानात 1786 साली गव्हर्नरनं हुकूम काढला की आफ्रिकी वंशाच्या बायकांनी केस फडक्यानं झाकावेत. त्यांनी ती फडकीच अशी रंगीबेरंगी आणि रुबाबदार बांधली की हुकूम फुकट गेला. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाच्या राजवटीत माणसाचा वंश ठरवायला केसांत पेन्सिल खोचून पाहत. पेन्सिल खाली पडली तर गोरा, अडकली तर नाही. एका पेन्सिलीवर घर कुठं मिळणार, शाळा कुठली, लग्न कुणाशी, हे ठरत असे. अमेरिकेत नोकरीत आणि शाळेत केसांच्या पोतावरून भेदभाव करायचा नाही, असा पहिला राज्य कायदा कॅलिफोर्नियानं केला तो 2019 साली. अगदी कालची गोष्ट. अशा जगात एखादीनं केस सरळ करून मुलाखतीला जायचं ठरवलं तर तिला लाजिरवाणी कोण म्हणणार? आपण?

आपण तर मुळीच नाही. ज्या समाजानं नवरा मेला म्हणून बाईचं डोकं भादरलं आणि त्याला धर्म म्हटलं, त्यानं दुसऱ्याच्या केसांवर बोलताना आधी मान खाली घालावी. तेव्हाही विद्वान मंडळींनी स्मृतींचे आधार काढून वाद घातले होते. शेवटी 1890 साली मुंबईत न्हाव्यांनीच सभा भरवली आणि यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं. वादात जिंकलेले पंडित आज कुणाला आठवत नाहीत. हा विषय मी या मंडळात वीस वर्षांपूर्वी काढला होता तेव्हा ‘सणासुदीला नको ते’ म्हणून मला खाली बसवलं होतं. आज पुन्हा काढते आहे.

एका ठिकाणी गृहस्थांचा इशारा बरोबर आहे: सरळ करायची औषधं जपून वापरायची चीज आहे. वडील भट्टीवर होते, ते सांगत की लोखंडात गंधक राहिला तर तापल्यावर ते तडकतं, म्हणून गंधक काढून टाकावा लागतो. केसांचं उलटं. केसाला बळ आणि वळण देणारे बंध गंधकाचेच असतात, आणि सरळ करणारं औषध नेमके तेच तोडतं. कडक रिलॅक्सरमध्ये कॉस्टिक सोडाच असतो, टाळूला लागला तर भाजतो. अमेरिकेत 33,497 बायकांची जवळजवळ 11 वर्षं नोंद ठेवून 2022 साली एक अभ्यास आला: वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा सरळ करायची औषधं वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून अधिक दिसलं. पण मग आपल्या लग्नसराईत नवऱ्यामुलीपासून करवलीपर्यंत सगळ्याजणी रीबाँडिंग आणि केराटिन करून घेतात, त्याबद्दल लेखात अक्षर नाही. रीबाँडिंगचं औषध वेगळं, पण तोडतं तेच बंध. केराटिनच्या काही बाटल्यांत फॉर्मलिन असतं, काहींत त्याच्या जागी ग्लायऑक्झिलिक आम्ल. या आम्लाचं औषध पार्लरमध्ये लावल्यावर एका तरुणीची मूत्रपिंडं तीनदा बिघडल्याची नोंद 2024 साली वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. हा इशारा द्यायचा तर आपल्या घरातल्या मुलींना आधी द्यायला हवा होता.

माझं म्हणणं एवढंच आहे की केसाचा स्वभाव ओळखून त्याची निगा घेणं ही विद्या आहे, आणि कुरळ्या केसांच्या बाबतीत ती आपल्यापेक्षा त्या बायकांकडे कितीतरी जास्त आहे. आमच्या नातीचे केस दाट कुरळे. शाळेत पोरी तिला मॅगी म्हणतात. दर रविवारी तिची आई कोरड्या केसांत बारीक दातांची फणी वरून खाली ओढायची आणि नात रडायची. माझ्या आईनं माझंही तेच केलं होतं. शाळेच्या दोन वेण्या लाल रिबिनी लावून इतक्या आवळून घातल्या की माझ्या कानशिलावरचे केस मागे हटले ते कायमचे. वरच्या खोलीतली ती मुलगी हे एकदा पाहून खाली आली. केस ओले केले, कंडिशनर हात भरून लावला, मोठ्या दातांचा कंगवा घेतला आणि आधी टोकं सोडवली, मग मधले, मग मुळं. वळणदार केसात टाळूचं तेल टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून टोकं कोरडी राहतात आणि तिथंच तुटतात, हे तिनं मला समजावलं. वेणी घालताना दुखलं तर ती घट्ट झाली, तेव्हाच सोडायची, हेही. नात रडली नाही. बस्तरच्या घोटुलात, म्हणजे तरुण मुलामुलींच्या सामाईक घरात, मुरिया मुलगे आवडत्या मुलीला स्वतः कोरलेली फणी देत. कंगव्यात केवढा जिव्हाळा असतो, ते त्यांना ठाऊक होतं.

म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी मी मंडळाकडे लेखी मागणी दिली आहे. त्या मुलींना बोलवा, त्यांच्याकडून तासभर शिकून घ्या, विधवा बायकांनाही आवतण द्या. वाण म्हणून यंदा प्लास्टिकचे डबे नकोत, मोठ्या दातांचे कंगवे लुटू. सुपेल्याच्या बाजारात मी विचारून आले आहे, साठ कंगवे एका दुकानात मिळतात. त्यांचे पैसे मी भरीन.