सरकार गल्ल्यावर बसले तर दारू सुटेल का?



वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. बंदी कागदावर आणि भट्टी नाल्याकाठी, हे गावातले शेंबडे पोरही सांगते. म्हणून काही शहाणे सुचवतात, "चोरून विकली जाण्यापेक्षा सरकारनेच दुकाने चालवावीत. माल शुद्ध मिळेल, पैसा तिजोरीत जाईल." सल्ला बिनतोड वाटतो. पण आजवरचा अनुभव तपासू या.

हा विचार १८६५ साली स्वीडनच्या गोटेनबर्ग शहरात अमलात आला. विकणाऱ्याचा नफा काढून घेतला की पाजण्याचा आग्रह संपेल, असा तो हिशेब. स्वीडनमध्ये आजही बाटलीबंद दारूची दुकाने सरकारीच आहेत. पण नफा वाढवणे हे त्यांचे काम नाही, आणि रविवारी ती बंद असतात.

आपल्याकडे काय झाले? तामिळनाडूने १९८३ साली दारूचे सरकारी महामंडळ काढले आणि २००३ साली किरकोळ विक्रीही त्याच्याकडे दिली. तिजोरी दारूवर चालू लागली. २०१६, २०१७ आणि २०२३ साली पाचशे-पाचशे दुकाने बंद झाली, पण सरकार काही गल्ल्यावरून उठले नाही. आंध्र प्रदेशात २०१९ साली टप्प्याटप्प्याने बंदी करू म्हणत सरकारने दुकाने ताब्यात घेतली. २०२२ साली त्याच दारूच्या पुढच्या उत्पन्नावर कर्जरोखे काढले! बंदीचे वचन देणारेच लोकांच्या उद्याच्या पिण्यावर कर्ज काढत होते. २०२४ साली दुकाने पुन्हा खाजगी परवानेदारांकडे गेली.

महाराष्ट्र सरकार दुकान चालवत नाही, परवाने देते. नीती मात्र वेगळी नाही. २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान जाहीर झाले. निमित्त ज्वारी पिकवणाऱ्याच्या भल्याचे! वर्ध्यात बंदी आणि ज्वारीच्या दारूला अनुदान, सरकार एकच.

सरकारी दुकानदारी आपल्याला नवी नाही. १९७२ साली सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी आपण भोगली आहे. घेणारे सरकार एकटे होते, तेव्हा चुकाऱ्यासाठी हेलपाटे मारले. विकणारे सरकार एकटे झाले, तर हाती आलेला चुकारा त्याच्याच गल्ल्यात परत जाईल. कोरडवाहू शेतात वर्षातून एकदा पैसा येतो. तो घरी पोचतो की वाटेतच संपतो, यावर पोरांची फी आणि पुढचे बियाणे ठरते.

ज्याला विक्रीचा आकडा वाढवायचा आहे, तो पिण्याला लगाम घालणार नाही, मग तो शेठ असो की सरकार. म्हणून वर्ध्यात सरकारी दुकान नको. आहे त्या बंदीचा हिशेब मागा. गावात भट्टी कोणाच्या आशीर्वादाने चालते, हे ग्रामसभेत ठाणेदाराला बोलावून विचारा. प्रश्न मायबहिणींना मांडू द्या. दारूचा खरा ताळेबंद त्यांच्याकडेच आहे.