वेगाचे आकडे आणि आपला अनुभव

भारतात पाचव्या पिढीची मोबाइल सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. आता सहाव्या पिढीची चर्चा कानांवर पडू लागली आहे. अशा वेळी जाहिरातीतील आकड्यांनी हुरळून जाऊ नये, असे मला वाटते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१७ मध्ये पाचव्या पिढीसाठी निकष ठरवले. त्यांत कमाल वेग सेकंदाला २० गिगाबिट आहे. पण दाट वस्तीच्या शहरात ग्राहकाला प्रत्यक्ष मिळावयाचा वेग आहे १०० मेगाबिट, म्हणजे कमाल वेगाचा दोनशेवा हिस्सा! मनोऱ्याची क्षमता परिसरातील सर्वांत वाटली जाते. संध्याकाळी सारी वस्ती मोबाइल उघडून बसली, की प्रत्येकाचा वाटा आक्रसतो. शिवाय २६ गिगाहर्ट्झसारख्या उच्च वारंवारतेच्या लहरी पुष्कळ माहिती वाहून नेतात, परंतु दूर जात नाहीत आणि भिंतीपाशीच अडतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर आणि घरातही पोहोचतात. मात्र त्यांवर मिळणारा वेग बेताचाच. घरी शिकणाऱ्याला चित्रफितीतील धडा न अडखळता पाहण्यासाठी काही मेगाबिटही पुरतात. म्हणून नवा मोबाइल घेताना दुकानदाराला कमाल वेग विचारण्यापेक्षा, रात्री आठ वाजता घरात किती वेग मिळतो, हे शेजाऱ्याला विचारावे.