चारही चाकांचं खूळ

काळ्या रानात पिकअप रुतली की कुणीतरी शहाणा सांगतोच, "भंगारातून जीपचा पुढचा अ‍ॅक्सल आण, स्वस्तात फोर-बाय-फोर करू."

नुसत्या अ‍ॅक्सलनं काय व्हतंय? ट्रान्सफर केस पाहिजे, पुढं जाणारा शाफ्ट पाहिजे, दोन्ही डिफरन्शियलचं गुणोत्तर जुळाय पाहिजे. वर मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीच्या मूळ नोंदीत मनानं बदल चालत नाही.

अरं, रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन नसतं, म्हणून ती जागीच फिरतात. हौद्यात मागं मातीची चार पोती टाका, खोल नक्षीचे टायर घाला. तरीबी रुतली, तर खोट पाणंदीची. पाणंदीवर मुरूम पडला तर बैलगाडी निघंल, शाळेचं पोर निघंल. त्यासाठी ग्रामसभेत भांडायचं सोडून ज्यानं त्यानं आपल्या गाडीचा रणगाडा करायचा, ही कुठली अक्कल?