सूर्यास्तानंतरची वीज

देशातील सौर वीजकेंद्रांची एकूण क्षमता २०२५ सालच्या प्रारंभी १०० गिगावॉटच्या वर गेली, ही गोष्ट अभिमानास्पद आहे यात शंका नाही. परंतु या आकड्याचा जो जयघोष चालला आहे, त्यात एक साधे सत्य झाकले जाते. हा आकडा दुपारचा आहे. शहरात घरोघरचे दिवे, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे जेव्हा एकदम चालू होतात, तेव्हा सूर्यनारायण क्षितिजाखाली गेलेले असतात.

शेतीची गोष्ट निराळी. सौर कृषी वाहिनी योजनेने शेतीपंपांना दिवसा वीज देण्याचे जे धोरण पत्करले आहे, ते आम्हांस सर्वस्वी योग्य वाटते. रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून पंप सुरू करावयास जाण्याचा शेतकऱ्याचा वनवास त्यामुळे संपू शकतो. आणि पिकाला पाणी देण्याची व उन्हाची वेळ एकच असल्याने तेथे साठवणुकीचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. प्रश्न आहे तो शहरांचा, म्हणजे आमचा आणि आमच्या वाचकांचा.

साठवण अशक्य आहे असे आता कोणास म्हणता येणार नाही. छत्तीसगडात राजनांदगाव येथे २०२४ साली सुरू झालेल्या १०० मेगावॉटच्या सौर केंद्रास जोडलेल्या बॅटऱ्या संध्याकाळी तीन तास ४० मेगावॉट, म्हणजे १,२०,००० युनिट देऊ शकतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सौर निविदांसाठी जी सूचना केली, ती मात्र सौर क्षमतेच्या किमान दहा टक्के साठवण, तीही दोन तासांची, अशी आहे. तितक्याच केंद्राच्या बाबतीत हा हिशेब २०,००० युनिटांवर येतो. आरंभ म्हणून हे ठीक. पण किमान मर्यादा हीच कमाल मर्यादा समजण्याची आपल्याकडील रीत पाहता आम्हांस याचे समाधान वाटत नाही.

महाराष्ट्राजवळ दुसरे साधन आहे, ते सह्याद्रीचे. घाटघर येथे २००८ पासून २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प उभा आहे. विजेची मागणी कमी असता खालच्या जलाशयातील पाणी सुमारे ४०० मीटर वर चढवावयाचे आणि मागणी वाढली की ते पुन्हा कड्याखाली सोडावयाचे, अशी ही योजना. चार युनिट खर्चावे तेव्हा तीनच्या आसपास परत मिळतात. तरीही दुपारची स्वस्त वीज वाया घालविण्यापेक्षा हा व्यवहार शहाणपणाचा आहे. घाटमाथ्यावर अशा अनेक प्रकल्पांचे करार राज्य सरकारने केले आहेत. त्यांचे स्वागत करताना मुळशी आम्हांस विसरता येत नाही. मुंबईच्या विजेसाठी तेथील खोरे बुडणार म्हणून १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांना सत्याग्रह करावा लागला होता. शहराच्या संध्याकाळची किंमत पुन्हा एकदा डोंगरातील माणसाने व जंगलाने भरावी, हे आम्हांस मान्य नाही. जमिनीचा मोबदला आणि पुनर्वसन यांचा संपूर्ण खर्च प्रकल्पाच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरला गेला पाहिजे, मग वीज थोडी महाग का पडेना.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्या गच्चीवर सौर पट्ट्या बसवून वीजबिल शून्यावर आणणारा नागरिक स्वतःस स्वावलंबी समजतो. वस्तुतः नेट मीटरिंगच्या पद्धतीत तो दुपारचे युनिट वितरण कंपनीकडे ठेवतो आणि रात्री तेवढेच मागून घेतो. वखारीचे भाडे मात्र कोणीतरी दुसराच देतो, आणि ज्याला स्वतःची गच्ची नाही असा चाळीतला भाडेकरूही त्यात असतो. या नागरिकाचा उत्साह आम्हांस मोडावयाचा नाही. छोटी बॅटरी बसविणारास अधिक सवलत द्यावी, न बसविणारास कमी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने पुढील दरनिश्चितीच्या वेळी दुपारच्या आणि संध्याकाळच्या युनिटचा खरा खर्च वेगवेगळा मांडून जनतेपुढे ठेवावा. त्या सुनावणीस शहरी ग्राहकांनीही अवश्य जावे, आणि केवळ शेतीच्या अनुदानाविरुद्ध बोलण्यासाठी नव्हे.