अन्नाची शुद्धी आणि माणसाचा विटाळ

नवदीक्षित बौद्ध कुटुंबांना अलीकडे एक उपदेश फुकटात मिळू लागला आहे. "तुम्ही आता बौद्ध झालात. भगवान बुद्ध अहिंसेचे पुरस्कर्ते. तेव्हा आता तरी मांसमच्छी सोडा आणि शुद्ध अन्न खा," असा तो उपदेश होय. तो करणाऱ्यांत शेजारचे सोवळेकरी आहेत, आरोग्याच्या नावाने नवनवी पथ्ये विकणारे आहेत आणि, खेदाची गोष्ट अशी की, चार बुके शिकून शहरात स्थिरावलेले आपले काही बांधवही आहेत. मांस खावे की न खावे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा, प्रकृतीचा आणि ऐपतीचा प्रश्न आहे. त्याबद्दल आमचे कोणाशीही भांडण नाही. आमचे भांडण 'शुद्ध' या शब्दाशी आहे. हा शब्द उच्चारणाऱ्या प्रत्येकाच्या मनात त्याचा अर्थ निराळा असतो आणि त्यांपैकी एका अर्थाने आपल्या वाडवडिलांना शतकानुशतके माणुसकीबाहेर ठेवले. धर्मांतराच्या दिवशी ज्याला आपण उंबऱ्याबाहेर काढले, तोच अर्थ आता मागील दाराने आपल्या स्वयंपाकघरात शिरू पाहत आहे. म्हणून या शब्दाची झडती घेणे आवश्यक झाले आहे.

पहिला अर्थ सोवळ्याचा. सोवळ्याच्या शास्त्रात अन्न कोणते आहे यापेक्षा ते कोणाचे आणि कोणाच्या हातचे आहे यालाच महत्त्व. मनुस्मृतीचा चौथा अध्याय काढून पाहा. ब्राह्मणाने कोणाचे अन्न खाऊ नये याची तेथे लांबलचक यादी दिली आहे. तीत चोर आहे, हे समजण्यासारखे आहे. परंतु तीत लोहार आहे, सुतार आहे, सोनार आहे, वैद्य आहे आणि कातड्याचे काम करणाराही आहे! नांगराचा फाळ घडविणारा अशुद्ध, रोग बरा करणारा अशुद्ध. त्यांच्या श्रमावर जगणारा तेवढा शुद्ध! आणि दहाव्या अध्यायात तर चांडाळांना अन्न द्यावयाचे ते फुटक्या भांड्यांत, अशी आज्ञाच आहे. भाकरी तीच, धान्य तेच. फरक पडतो तो केवळ जातीने.

या शास्त्राचा प्रयोग महाडला उघड्यावर झाला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. त्या ठरावाच्या आधारे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या मागोमाग परिषदेला जमलेल्या जनसमुदायाने त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. गुरेढोरे ते पाणी पीत असत, तेव्हा तळे बाटत नव्हते. माणसांनी ओंजळभर पाणी घेतले मात्र, आणि धर्म बुडाला! लाठ्या घेतलेला जमाव परिषदेच्या मंडपात घुसला, माणसांना झोडपण्यात आले आणि शिजत असलेले अन्न मातीत कालवण्यात आले. पुढे तळ्याची 'शुद्धी' झाली. १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध आणि दही मिसळले गेले आणि मंत्रोच्चारात ते पुन्हा तळ्यात ओतण्यात आले. ज्यांनी भुकेल्या माणसांच्या अन्नात माती मिसळली आणि स्वतःच्या पिण्याच्या पाण्यात शेण मिसळले, ते शुद्ध. आणि ज्यांनी स्वच्छ ओंजळीने पाणी घेतले, ते अशुद्ध! तळ्यावरील हक्काचा निकाल मुंबईच्या उच्च न्यायालयात आपल्या बाजूने लागण्यास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला. तहानेला दहा वर्षे कोर्टात उभे राहावे लागले.

हे सर्व जुने झाले, असे कोणी म्हणेल. त्याने थोडे डोळे उघडून पाहावे. शाळेतील मध्यान्ह भोजन शिजविण्याच्या कामी दलितांना प्राधान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालच्या एप्रिल महिन्यात दिला. त्यानंतर सतरा वर्षे उलटल्यावर, २०२१ च्या डिसेंबरात, उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात सुखीढांग येथील सरकारी शाळेत काय घडले? सवर्ण मुलांनी दलित स्वयंपाकिणीच्या हातचे अन्न नाकारले आणि प्रशासनाने नेमणुकीत दोष काढून तिलाच कामावरून दूर केले. डाळ तीच होती, तांदूळ तेच होते आणि भोजन शाकाहारीच होते! मग अशुद्ध काय होते? जे लोक आम्हांला सांगतात की शाकाहार स्वीकारा म्हणजे तुम्हांला मान मिळेल, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे. ज्याला आपला हात चालत नाही, त्याला आपण शिजविलेली डाळही चालत नाही.

शहरातील सुशिक्षितांची तऱ्हा याहून निराळी नाही, तिचा पोशाख तेवढा निराळा आहे. झोमॅटो नावाच्या घरपोच अन्न पोहोचविणाऱ्या कंपनीने १९ मार्च २०२४ रोजी 'शुद्ध शाकाहारी' गिऱ्हाइकांसाठी हिरव्या गणवेशातील वेगळ्या पोऱ्यांचा ताफा जाहीर केला. टीकेची झोड उठताच दुसऱ्याच दिवशी तिला तो हिरवा गणवेश मागे घ्यावा लागला. तो दुसरा दिवस २० मार्च, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाचा दिवस होता! बंद डब्यातील अन्नाला शेजारच्या डब्याचा विटाळ होतो, ही कल्पना कोणत्या वैद्यकशास्त्रात आहे? ती वैद्यकात नाही. ती सोवळ्यातच आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त २०२३ साली वसतिगृहाच्या भोजनगृहात शाकाहाऱ्यांसाठी मेजे राखून ठेवली गेली, आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. जेथे यंत्रशास्त्र शिकविले जाते, तेथेही पंक्तिप्रपंच सुटत नाही.

दुसरा अर्थ आरोग्याचा. या अर्थाने शुद्ध म्हणजे स्वच्छ, निर्भेळ आणि पोषक अन्न. हा अर्थ आम्हांला सर्वस्वी मान्य आहे. परंतु येथेही बाजाराने आपले दुकान मांडले आहे. बाजरी, नाचणी, ज्वारी ही आपल्या आयाबायांची रोजची भाकरी. तीवरून त्यांना खेडवळ आणि दरिद्री म्हणून हिणवले गेले. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, सरकारने त्याच वर्षी त्या धान्यांना 'श्रीअन्न' अशी पदवी बहाल केली आणि तीच बाजरी आता काचेच्या दुकानांत चढ्या भावाने शुद्ध आहार म्हणून विकली जाते. आमच्या ताटात होती तेव्हा ती गावंढळ. त्यांच्या ताटात गेली तेव्हा ती श्री! अन्नाची प्रतिष्ठा खाणाऱ्याच्या प्रतिष्ठेवरून ठरते, याहून स्वच्छ पुरावा कोणता पाहिजे?

आणि ज्यांच्या हाती खरोखर पोषणाचा प्रश्न सोपविला आहे, ते काय करतात? २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर तीन बालकांपैकी दोन बालके रक्तक्षयी आढळली. अशा राज्यात शाळकरी मुलांना आठवड्यातून एक अंडे देण्याची योजना २०२३ च्या अखेरीस सुरू झाली. काही गटांनी तिला विरोध केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यांसाठी मिळणारा निधीच काढून घेतला. ज्या शाळांना अंडी द्यावयाची असतील त्यांनी लोकवर्गणी काढावी, असे सांगितले. ज्यांच्या घरी दूध, तूप आणि सुका मेवा आहे, त्यांच्या मुलांचे यात काही बिघडत नाही. ज्यांच्या घरी ते नाही, त्यांच्या मुलांचेच अंडे गेले. एकाच्या घरचे सोवळे दुसऱ्याच्या मुलाच्या भुकेवर पाळले जाते, याला आरोग्य म्हणावयाचे काय?

तिसरा अर्थ अहिंसेचा, आणि तो भगवान बुद्धाच्या नावावर खपविला जातो. म्हणून तथागतांनी काय सांगितले हे पाहू. मज्झिम निकायातील जीवक सुत्तात भिक्खूंसाठी नियम आहे तो असा की, आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका असेल तर ते मांस घेऊ नये; या तीन बाबतींत निर्दोष असेल तर घ्यावे. म्हणजे शुद्धीची कसोटी कृतीला आणि हेतूला लावली गेली, पदार्थाला किंवा जातीला नव्हे. मांसमच्छी भिक्खूंना सर्वस्वी वर्ज्य करावी, अशी मागणी देवदत्ताने केली होती. तथागतांनी ती सक्ती नाकारली. आज बौद्धांवर शाकाहाराची सक्ती करू पाहणारे कोणाचा वारसा चालवीत आहेत हे त्यांनीच ठरवावे! सुत्तनिपातातील आमगंध सुत्त तर या वादाचा निकालच लावते. घाण मांसाहारात नाही. ती हिंसा, चोरी, असत्य, फसवणूक आणि क्रौर्य यांत आहे, असा त्याचा स्पष्ट आशय आहे.

आणि तथागतांचे अखेरचे भोजन कोणाच्या घरी झाले? चुंद नावाच्या लोहाराच्या घरी. त्या ताटातील 'सूकरमद्दव' म्हणजे डुकराचे मांस की एखादे कंद किंवा अळंबे, याबद्दल पंडित अजून वाद घालतात. परंतु घर कोणाचे, याबद्दल वाद नाही. मनूने ज्या लोहाराचे अन्न निषिद्ध ठरविले, त्याच लोहाराच्या हातचे अन्न भगवंतांनी ग्रहण केले. एवढेच नव्हे, तर आपल्या मृत्यूचा दोष कोणी चुंदावर लादू नये म्हणून, त्याच्या भोजनदानाचे पुण्य सुजातेने बोधीपूर्वी दिलेल्या भोजनदानाइतकेच थोर आहे असे सांगून त्यांनी त्याचे समाधान करण्यास आनंदाला बजावले. मरणशय्येवरही ज्यांना यजमानाच्या मनाची काळजी होती, त्यांच्या नावाने माणसाचे ताट तपासणे हा त्यांचाच अवमान होय.

परमपूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे आणि दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मांसाहार सोडण्याची प्रतिज्ञा नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतील भेद दाखवून अहिंसा हा आंधळा नियम नसून विवेकाने पाळावयाचे तत्त्व आहे, हे समजावून दिले आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या मुळाविषयीच्या ग्रंथात तर, यज्ञात गोमांस खाणाऱ्या ब्राह्मणांनी ते सोडले ते बौद्ध धर्मावर कुरघोडी करण्यासाठी, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

येथे कोणी विचारील की, मग बाबासाहेबांनीच मेलेल्या जनावरांचे मांस सोडावयास का सांगितले? होय, महाडच्या परिषदेत त्यांनी ते सांगितले. परंतु कशासाठी? मृतमांस आणि दारोदार मागून आणलेले शिळे तुकडे ही गुलामगिरीची मजुरी होती. येसकराची पाळी, मेलेली ढोरे ओढणे आणि त्याबद्दल मिळणारे ते मांस, या सर्वांचा एकच साखळदंड होता. तो तोडावयाचा होता. ज्या वतनाने ही लाचारी पिढीजात केली, ते वतन १९५८ च्या कायद्याने नष्ट झाले. परंतु त्याच्या तीस वर्षे आधीच स्वाभिमानी माणसांनी ते आपल्या मनातून नष्ट केले होते. उपासमारीत ज्या माउल्यांनी त्याच मांसाच्या चान्या वाळवून पोरे जगविली, त्यांची लाज बाळगण्याचे आपल्याला कारण नाही. लाज त्यांनी बाळगावी, ज्यांनी त्यांच्यापुढे दुसरा घास ठेवला नाही. आजही १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात गुन्ह्यांच्या यादीतील पहिला गुन्हा कोणता आहे? अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला अखाद्य किंवा किळसवाणा पदार्थ जबरीने खावयास लावणे, हा. असा कायदा ज्या देशात करावा लागतो, त्या देशाने आम्हांला शुद्धीचे पाठ देऊ नयेत.

आता दोन शब्द आपल्याच माणसांना, आणि ते अधिक कठोर आहेत. आपल्यातील काही कुटुंबे नवीन वसाहतीत राहावयास गेली म्हणजे खिडक्या बंद करून बोंबील भाजतात आणि मुलांना शाळेत डब्याविषयी खोटे बोलावयास शिकवितात. खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा घेऊन त्याच तोंडाने मुलाला खोटे शिकवावयाचे, हा कोणता धम्म? काही जण आपण शाकाहारी झालो म्हणून गावाकडच्या भावाच्या घरी पाणी घेत नाहीत. काही घरांत मांस वर्ज्य आहे, पण दारूची बाटली वर्ज्य नाही. जी वस्तू नावानिशी निषिद्ध ती घरात, आणि जिचा निषेधच नाही तिच्यावरून नाके मुरडणे! आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट ही की, बौद्ध म्हणविणाऱ्या कित्येक घरांतून अजून मातंगाच्या, चर्मकाराच्या, मेहतराच्या घरचे जेवण टाळले जाते. सबबी तयार असतात: पोट बिघडले आहे, वेळ नाही, नुकतेच जेवलो. त्या सबबींच्या खाली काय आहे, ते आम्ही ओळखतो. त्या सबबी आपण शेकडो वर्षे ऐकल्या आहेत. ज्याच्या घरी आपण जेवत नाही, त्याला समान मानतो असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

म्हणून बौद्ध घरातील शुद्ध अन्न म्हणजे काय, हे आपणच स्पष्ट शब्दांत सांगून टाकू. जे स्वतःच्या श्रमाचे आहे, ज्यासाठी कोणापुढे हात पसरला नाही आणि कोणाला लुबाडले नाही, ते शुद्ध. जे स्वच्छ हातांनी, स्वच्छ पाण्यात शिजले आहे आणि मुलाच्या अंगी लागते, ते शुद्ध. आणि ज्या पंगतीतून जातीवरून कोणालाही उठविले जात नाही, त्या पंगतीतील घास शुद्ध. मग तो भाजीचा असो की मटणाचा. बाकीची शुद्धी चवदार तळ्यातल्या शेणाइतकीच खरी आहे.

येत्या वैशाखी पौर्णिमेस गावोगावी खीरदान होईल. ती खीर आपल्याच आळीत वाटून समाधान मानू नका. मातंगवाड्यात, मेहतरांच्या वस्तीत तिचे निमंत्रण घेऊन जा. आणि तेवढ्यावर न थांबता त्यांच्या चुलीवरचे जे असेल ते मागून घेऊन त्यांच्याच ओट्यावर बसून जेवा. वाढणाऱ्याचा मोठेपणा मिरविणे सोपे असते. दुसऱ्याच्या हातचे आनंदाने खाणे ही खरी परीक्षा होय. चुंदाच्या घरी भगवंतांनी ती दिली. आपणही द्यावी.

जय भीम!