बाळंतपणाची रजा : हजेरीपटावर नाव कोणाचे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा त्यातील सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. ‘हे शहरातल्या कंपन्यांचं, आपला काय संबंध?’ असे म्हणू नका. तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची डाळ मिल किंवा द्राक्षाचे पॅकहाऊस असेल आणि तेथे दहा माणसे कामाला असतील, तर मालक तुम्हीच.

रजेचा हिशेब मात्र जुनाच आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा झाली, तीच कायम आहे. अट अशी की, बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलेले हवे. गर्भपात झाल्यास सहा आठवडे. बाई रोजंदारीवर आहे म्हणून हक्क जात नाही. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरील महिलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच तसा निकाल दिला आहे.

आता ८० दिवस दाखवायचे कशावर? हजेरीपटावर. घोडे तेथेच पेंड खाते. ऊसतोडीचेच पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल सहसा नवऱ्याच्या नावावर. बाई पहाटेपासून मोळ्या वाहते, पण कागदावर ती नाहीच. रजा दूरच, एक दिवस खाडा पडला तर दंड. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढल्याचे आढळले. कारणे अनेक होती. खाड्याची धास्ती त्यातलीच एक.

अशा बाईच्या हाती राहते ती मातृवंदना योजना. पहिल्या खेपेला ५ हजार रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. पाच हजार भागिले २६ आठवड्यांचे १८२ दिवस, म्हणजे दिवसाला साधारण २७ रुपये. तीच बाई ३०० रुपये रोजाने हजेरीपटावर असती तर ५४ हजार ६०० झाले असते.

हा बोजा मालकाला जड जातो, हेही खरे. विमा योजना लागू नसेल तर सगळा पैसा त्याच्याच खिशातून जातो. म्हणून दहाव्या बाईचे नाव न लिहिण्याची पळवाट निघते. सरकारने लहान उद्योगांचा यातला काही वाटा उचलायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. पण तोवर नाव गाळणे हा उपाय नव्हे.

संचालकांनी पुढच्या हंगामाचा हजेरीपट उघडताना प्रत्येक बाईचे नाव स्वतंत्र लिहावे, मजुरी तिच्याच बँक खात्यात भरावी. ग्रामपंचायत अधिकारी व सरपंचांनी ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडण्याआधी गरोदर बायांची अंगणवाडीत नोंद झाली का, ते पाहावे. ई-श्रम कार्ड असलेल्या, तसेच किसान सन्मान निधी घेणाऱ्या महिला मातृवंदनेस पात्र आहेत. आधार आणि बँक पासबुक आताच जुळवून ठेवा. टोळी एकदा फडावर गेली की ते कागद गोळा होत नाहीत.